लहान म्हणून अर्धं, की बाई म्हणून?

प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण किस्से सांगते आणि एकीचे किस्से होतात. आमच्यात ती दुसरी मी! मधल्या इयत्तांवरून उड्या मारत मी चौदाव्या वर्षीच पेणच्या कॉलेजात एफ.वाय.ला पोचले होते, आणि दिसायचे अकराची. मग काय, किस्से आपोआप साठत गेले.

*

पहिला दिवस. बाबा धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जाता जाता मला रोह्याच्या स्टँडवर सोडून गेले. एसटीत कंडक्टर काकांनी मला निरखून पाहिलं. "अर्धं ना? लहान म्हणून अर्धं, की बाई म्हणून?"

हल्ली बायकांनाही अर्धंच, म्हणजे पैसे तेवढेच, पण मशीनवर बटणं वेगळी. मला घामच फुटला. म्हटलं, "तुम्हाला जे वाटेल ते!"

अख्खी बस हसली. शेजारी प्राची बसली होती. खाडीकाठच्या गावातली, माझ्याच वर्गात निघाली. तिनेच निकाल दिला, "पोर हाय ती, काका. लहान मारा."

त्यानंतर काकांनी विचारणंच सोडलं. रोज लहान! मला मात्र रोज प्रश्न पडायचा, हे बटण बदलतं तरी कधी?

*

त्याच दिवशी वर्गात सर म्हणाले, "काय गं, ताईला डबा द्यायला आलीस?"

घाबरले की मी आधी "हो" म्हणते. म्हटलं. आता हो म्हटलंय तर डबा द्यायला हवा, म्हणून तो प्राचीच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. पूर्ण लेक्चर!

सुटल्यावर प्राची रिकामा डबा घेऊन आली. "भेंडी मस्त होती गो!"

*

कॅन्टीनमध्ये गप्पा रंगात आल्या की कुणीतरी म्हणायचं, "बाळा, वडापाव आण ना." मी परत येईपर्यंत विषय बदललेला. मोठ्या मुली नेमकं बोलतात काय, या कुतूहलाने माझी झोप उडाली!

एकदा धावत जाऊन धावत परत आले आणि खांबामागे उभी राहून ऐकलं.

केसगळतीवर कांद्याचा रस लावावा की नाही, यावर वाद चालला होता. वर्षभर मी यासाठी पळत होते?

*

टी.वाय.ची शेवटची तोंडी परीक्षा. कुणालाही न घाबरणारी प्राची कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसली होती. "माझ्याच्यानं नाय व्हायचं. मी जाते घरी." बॅगसुद्धा उचलली तिने!

तिला असं मी कधी पाहिलंच नव्हतं. पण घाबरणं हा माझा विषय. म्हटलं, "घरी जाऊन पण घाबरशीलच. इथेच घाबरून घे. दोन मिनिटं पुरतात, मी रोज करते."

ती माझा हात धरून दोन मिनिटं रीतसर घाबरली. मग आत गेली. बाहेर आली ती हसतच.

*

परतीच्या एसटीत तेच काका. सवयीने बोट लहानच्या बटणावर गेलं.

प्राचीने त्यांचा हात अडवला. "काय करताय काका? बाई हाय ती."

आणि मला भर बसमध्ये रडूच फुटलं. हुंदके देऊन!

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि प्राचीला विचारलं,

"नक्की?"