हेमाताईंच्या हातचं पाणी

कसबा पेठेत हेमाताई आगाशे कोण असं विचारलं, की कुणीही सांगायचं, "त्याच, ज्यांच्या हातचं पाणी पिऊन तो निघून गेला." 'तो' म्हणजे कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

हेमाताई लग्न होऊन पेठेत आल्या त्याच सुमारास शहरात भर दुपारी खून व्हायला लागले. घरात एकटी बाई असायची, कडी आतून काढलेली, झटापटीची खूण नाही. वर्तमानपत्रांनी त्या माणसाचं नाव 'दुपारचा पाहुणा' पाडलं. तो पकडला गेला तेव्हा पहिल्या पानावरचा फोटो हेमाताईंनी पाहताक्षणी ओळखला. त्यांचं तान्हं बाळ कडेवर असताना हाच माणूस मीटर बघायला म्हणून त्यांच्या दारात आला होता. उन्हानं लालबुंद झालेला. त्यांनी आधी गूळपाणी पुढे केलं. तो पाणी प्यायला, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि मीटर न बघताच गेला.

ही गोष्ट त्यांनी पुढे किती वेळा सांगितली याला गणती नाही. हळदीकुंकवाला बायका मुद्दाम सांगायला लावायच्या. त्यांचे यजमान यज्ञेश्वर शाळामास्तर. ते शेवटी न चुकता म्हणायचे, "माणुसकीनं वाचली." मग विषय गोदाबाईंवर यायचा. मागच्याच गल्लीत राहणाऱ्या गोदाबाई त्याच्या हातून गेल्या होत्या. तोंडाच्या फटकळ. "हाकललं असणार हो दारातूनच," कुणीतरी म्हणायचं. मनातून हेमाताईंनाही तसंच वाटायचं.

तो माणूस तुरुंगातच म्हातारा होऊन मेला. लोक त्याला विसरतील असं वाटलं होतं, तर उलटंच झालं. त्याच्यावर व्हिडिओ निघाले. तरुण मुलं त्या गल्ल्यांमधून फोटो काढत हिंडायला लागली. आणि एका रविवारी सकाळी सलिल नावाचा मुलगा हेमाताईंकडे आला. खराडीला नोकरी करायचा आणि सुट्टीत जुन्या गुन्ह्यांवर पॉडकास्ट बनवायचा.

"काकू, एका वार्ताहरानं तुरुंगात त्याची मुलाखत टेप केली होती. कधी छापून आली नाही. त्यात तुमच्या घराचा उल्लेख आहे," तो चाचरत म्हणाला. "तुम्ही आधी ऐका, मग मी पुढचं ठरवतो."

यज्ञेश्वरांनी पंखा बंद केला. फोनमधून आवाज आला. अगदी साधा, घसा बसलेल्या माणसाचा.

"कसब्यातलं तळमजल्याचं घर? हो. पाळण्याला हिरवी नायलॉनची दोरी होती. मी कपाटामागे उभा होतो. बाई आत भांडी घासत होती. मधेच ओल्या हातानं बाहेर आली, पोराच्या पायावर दुपटं ओढलं, परत गेली."

हेमाताईंनी यज्ञेश्वरांकडे पाहिलं. ती दोरी यज्ञेश्वरांनीच मंडईजवळून आणली होती. आणि मीटरवाला आला त्या दिवशी बाळ पाळण्यात नव्हतं, त्यांच्या कडेवर होतं. म्हणजे हा दिवसच दुसरा.

"मग तिला का सोडलंत?" वार्ताहराचा आवाज.

"कंटाळा आला."

"तिनं पाणी दिलं होतं, म्हणून नाही?"

टेपमध्ये तो हसला. "पाणी? पाणी तर सगळ्यांनीच दिलं."

"किती वेळा गेला होतात त्या घरी?"

"बऱ्याचदा."

सलिलनं फोन खिशात टाकला. "काकू, पाण्याचं वाक्य मी काढून टाकू शकतो. तुमची गोष्ट आहे तशी राहील."

"नको," हेमाताई म्हणाल्या. "तेच ठेव. बाकी हवं तर काढ."

भाग प्रसिद्ध झाला, हजारोंनी ऐकला. यज्ञेश्वरांनी कपाट सरकवून भिंतीला घट्ट चिकटवलं, आणि पुन्हा कधी 'माणुसकी' हा शब्द काढला नाही. पण पेठेत फारसा फरक पडला नाही. मंडईत एका ओळखीच्या बाईंनी आपल्या नव्या सुनेला पुढे केलं. "ह्याच त्या. ह्यांनी पाणी पाजलं म्हणून वाचल्या."

"गोदाबाईंनीही पाजलं होतं," हेमाताई म्हणाल्या.

बाई ओशाळवाणं हसल्या, सुनेला कोपरानं ढकललं आणि भेंड्या निवडायला लागल्या. असं दोनचारदा झाल्यावर कुणी विचारेनासं झालं. आगाशे काकूंचं अलीकडे जरा बिनसलंय, असं मात्र कानावर यायचं.

हेमाताई दुपारी आडव्या व्हायच्या ते त्यांनी सोडलं. पेठ झोपलेली असते तेव्हा त्या खुर्ची भिंतीला टेकवून बसतात. भीती आता त्याची नाही, तो तर मेला. त्या जुने दिवस आठवत बसतात. बाळ पहिल्यांदा पालथं पडलं ती दुपार. आई माहेराहून लोणचं घेऊन आली ती दुपार. यज्ञेश्वर शाळेत असताना, खोलीत कुणी नाही म्हणून आरशासमोर लग्नातला शालू पुन्हा एकदा नेसून पाहिला ती. प्रत्येक आठवणीत हेमाताई त्या कपाटापाशी येऊन थांबतात, आणि त्याच्यामागे वाकून बघायचा धीर काही त्यांना होत नाही.