सात सुटलेले झेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय – खरंच माहीत नाही.

मी नागपूरची. आता बंगळुरात, बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात अमेरिकन फुटबॉलचे व्हिडिओ बघून खेळाडूंना गुण द्यायचं काम करते. त्यातही फक्त वाइड रिसीव्हरना – म्हणजे लांब धावत जाऊन, फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांना. झेल सुटला की ठरवायचं, चूक झेलणाऱ्याची की फेकणाऱ्याची? वाटतं तेवढं सोपं नसतं ते.

मला हे शिकवलं सुमित्राअक्कांनी. त्या इथल्याच, चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातल्या, पन्नाशीच्या; बोलताना मधेच कन्नड शब्द यायचे. "चेंडू बघू नको गं, पाय बघ," म्हणायच्या. पुढे मीच त्यांची वरिष्ठ झाले. त्यांना राग आला नाही – निदान दिसला तरी नाही.

गुण अक्का द्यायच्या, मी तपासून पुढे पाठवायची. एकदा घाई होती. एका नवख्या खेळाडूच्या सात सुटलेल्या झेलांपुढे अक्कांनी लिहिलं होतं – चूक फेकणाऱ्याची. सातही वेळा? मला पटेना. व्हिडिओ न उघडताच मी सगळ्या चुका त्या खेळाडूच्या नावावर केल्या आणि पाठवून दिलं.

तिकडून, अमेरिकेतून, तक्रार आली – या खेळाडूचे गुण चुकलेत. साहेबांनी विचारलं, कुणी दिले? मी म्हटलं, अक्कांनी.

घाबरले होते, असं इथवर म्हणता येईल. पण सांगायचंय ते हे नाही.

पुढे पाठवताना मी काय बदललं ते अक्कांना त्यांच्या संगणकावर दिसायचं नाही. साहेबांनी त्यांना एवढंच सांगितलं, की सात ठिकाणी तुमचं चुकलं. त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "मला तर नीट दिसलं होतं. तू एकदा स्वल्प बघ की गं."

मी बघितलं. दुपारभर, एकेक झेल, अगदी सावकाश. खेळाडू वेळेवर वळत होता. चेंडूच कधी पाठीमागे पडत होता, कधी डोक्यावरून जात होता. सातही वेळा अक्का बरोबर होत्या.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, स्वतः पाहिलंस ना? तेव्हा मी शांत होते. घाई नव्हती, भीतीही नव्हती. आणि मी म्हटलं – हो, पाहिलं. अक्कांची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही.

हे वाक्य माझं. कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही.

अक्कांना ते काम पुन्हा मिळालं नाही. खालच्या मजल्यावर दुकानांच्या फोटोंना नावं द्यायला बसवलं त्यांना. काही दिवसांनी त्या जेवणाच्या सुट्टीत भेटल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या.

"डोळे सरी आहेत, काही दोष नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. "मग मला तसं का दिसलं असेल गं?"

मी म्हटलं, "होतं असं कधी कधी, अक्का."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं.