कोरा न सोडलेला रकाना

परवा व्हिसाच्या नूतनीकरणाचा अर्ज भरताना आयर्लंडमधल्या मलिंगार गावातलं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. ओट्यावर व्हॅनिलाचा वास होता आणि माझ्या घरमैत्रिणीच्या हातात टीव्हीवरच्या बेकिंग स्पर्धेचा अर्ज. त्यात स्पर्धेच्या मानसशास्त्रज्ञाने विचारलं होतं, सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? "हे कशाला हवंय यांना?" ती म्हणाली. "कोरं सोडू नकोस, बाद करतील," मी म्हणाले. व्हिसाच्या अर्जांनी आम्हाला तेवढं शिकवलं होतं. तिने लिहिलं: पीएचडी सोडल्याचं नागपूरला बाबांना कळण्याची. तिची निवड झाली. चित्रीकरणात केक ओव्हनमध्ये असताना निवेदिकेने हळुवार आवाजात विचारलं, "आणि वडिलांना कधी सांगणार?" ती रडली, कॅमेरा हलला नाही. भाग दाखवायला नऊ दिवस होते. आठ दिवस ती बाबांशी फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलली. नवव्या दिवशी दुपारी तिने स्पीकर लावून बाबांना सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "बरं. केक फुगला का पण?" परवाच्या अर्जातही मी एकही रकाना कोरा सोडला नाही. फक्त प्रत्येक उत्तराआधी, हे वाचणार कोण, असा विचार करत थांबले.