अकरा प्रश्न आणि पाच किलो तांदूळ

फॉर्म मी केला. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे खापर फोडायला दुसरं डोकं शोधायला नको.

आमचं गाझियाबादचं मराठी मंडळ तसं लहान. गणपती, कोजागरी, हळदीकुंकू आणि एक भाड्याची खोली. खोलीत मखर, सतरंज्या आणि चाळीस खुर्च्या. याच खोलीत आम्ही दर रविवारी धान्यपेढी सुरू केली. ज्याला जमेल त्याने आणून द्यायचं, ज्याला लागेल त्याने घेऊन जायचं. पाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, आटा, पोहे, तेल. दिल्लीत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी खेड्यापाड्यातली मुलंमुली मेट्रोने यायची, कारखान्यातलं काम सुटलेल्या घरांमधून बायका यायच्या. पहिले दोन महिने आम्ही काहीही न विचारता द्यायचो. मग एक दिवस एक गृहस्थ आमच्या खोलीएवढ्या गाडीतून आले, दोन पिशव्या घेतल्या आणि मला विचारलं, "पोहे पातळ आहेत का? चिवड्याला पातळ बरे पडतात."

माझं डोकंच फिरलं. त्याच आठवड्यात मी फॉर्म केला. अकरा प्रश्न. घरात माणसं किती, कमावती किती, घर स्वतःचं की भाड्याचं, फ्रिज आहे का, चारचाकी आहे का, एसी आहे का, समितीतल्या कोणाशी नातं आहे का आणि शेवटी अकरावा, मदत का हवी ते दोन ओळींत लिहा. खाली मंजूर, नामंजूर आणि माझी सही. पेढीचं काम माझ्याबरोबर एक काका बघायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, आमच्याच सोसायटीत मागच्या टॉवरमध्ये राहणारे. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, तांदूळ द्यायचेत की पासपोर्ट?"

मी लक्ष दिलं नाही. शिस्त लावायची तर चार लोकांची बोलणी खावी लागतातच. त्या शिस्तीत मी फरीदाबादच्या एका बाईला परत पाठवलं. तिच्या घरात एसी होता. "अहो, तो घरमालकाचा आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "प्रश्न एसी आहे का असा आहे, कोणाचा आहे असा नाही." आणि नामंजूर लिहिलं. तेव्हा मला हे उत्तर फार चोख वाटलं होतं.

मार्चमध्ये माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो क्वालिटीत होता. मालकांनी त्याचा आख्खा विभागच बंद केला. आम्ही म्हटलं, चलो, दोन महिन्यांत दुसरी लागेल. अनुभव आहे, ओळखी आहेत. अनुभव फार आहे असं पहिल्या कंपनीने सांगितलं, फार कमी आहे असं दुसरीने. बघता बघता दिवाळी येऊन गेली. घर माझ्या ट्यूशनवर चाललं होतं, म्हणजे चाललं होतं असं म्हणायचं. घराचा हप्ता आणि लेकीच्या शाळेची फी बाजूला काढली की डब्यांच्या वाट्याला फारसं काही उरायचं नाही. मी वरणात इतकं पाणी घालायला लागले की डाळ आहे हे चवीवरून नाही, रंगावरून ओळखायचं.

आणि दर रविवारी मी पेढीवर उभी राहून लोकांना तूरडाळ मोजून देत होते.

आपण कधी घ्यायचं, हा विचार मनात येत नव्हता असं नाही. रोज यायचा. पण मी त्याला तारखा देत होते. आधी ठरवलं, गणपतीपर्यंत थांबू. मग दिवाळीपर्यंत. मग नोएडाच्या त्या मुलाखतीचं कळेपर्यंत. मग ठरवलं, तांदळाच्या डब्याचा तळ दिसला की मात्र नक्की. तळ दिसला. मी डबा हलवला, तांदूळ एका बाजूला गोळा केले आणि म्हटलं, एका बाजूला आहेत की अजून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत नेमकं काय आहे ते मीही बघायला तयार नव्हते.

याच दिवसांत आमच्या घरातल्या सगळ्यांच्या पोटाला काही ना काही झालं होतं. नवरा मुलाखतीहून यायचा आणि म्हणायचा, "मी तिथेच खाल्लं." ज्या कंपन्या त्याला नोकरी देत नव्हत्या त्या सगळ्या जेवायला मात्र घालत होत्या. मला पित्त झालं. संध्याकाळी भात खाल्ला की छातीत जळजळतं, असं मी जाहीर केलं आणि माझ्या वाटणीचा भात लेकीच्या ताटात जाऊ लागला. लेक सातवीत, वाढीचं वय, तिला भूक सोडून दुसरं काही होत नव्हतं.

सासूबाईंनी उपवास धरले. संकष्टी त्या चाळीस वर्षं करतात, ती खरी. चंद्र दिसल्याशिवाय घासाला शिवत नाहीत. बाकी वर्षाला दोन एकादश्या, त्याही एकादशी आणि दुप्पट खाशी अशा थाटाच्या. पण आता सोमवार आला. मग गुरुवार. मग शनिवार, प्रदोष आणि दोन्ही पक्षांतल्या एकादश्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात बारीक अक्षरात काय काय छापलेलं असतं ते मला त्या वर्षी कळलं. बरं, साबुदाण्याची खिचडी म्हणाल तर तीही नको. एक केळं आणि चहा. "आजीचं रोजच व्रत असतं यार," लेक म्हणाली, "देव बोअर होत असेल."

मी सासूबाईंवर चिडायचे. "आई, या वयात हे बरं नाही, चक्कर येऊन पडाल."

"तुझं पित्त कसं आहे?" त्या विचारायच्या.

"आहे तसंच."

"मग माझा उपवासही आहे तसाच," त्या म्हणायच्या आणि टीव्ही लावायच्या.

एका मंगळवारी दुपारी घरात कोणी जागं नव्हतं, तेव्हा फ्रिजवर ठेवलेल्या कोऱ्या फॉर्मांतला एक मी काढला आणि स्वतःसाठी भरून पाहिला. पेन्सिलने, नुसतं बघू म्हणून. घर स्वतःचं. फ्रिज आहे. चारचाकी आहे, दहा वर्षं उलटलेली डिझेल गाडी, जी इकडे दिल्लीच्या आसपास कायद्याने रस्त्यावर आणायची सोय नाही आणि जिच्याकडे बघून भंगारवालासुद्धा तोंड वाकडं करतो, पण आहे. एसी दोन. समितीशी नातं, आता काय लिहू, स्वतःच. अकराव्या प्रश्नापुढे काही सुचेना. मदत का हवी, हे मला दोन ओळींत लिहिता येईना. मी ती जागा कोरी सोडली, खाली नामंजूर लिहिलं आणि सही केली. स्वतःला नामंजूर करताना जराही सूट दिली नाही, याचा मला चक्क अभिमान वाटला. मग कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

सासूबाई साताऱ्याच्या एका खासगी शाळेत वीस वर्षं शिकवत होत्या. पेन्शन काही मिळाली नाही, पण लाल पेन अजून पर्समध्ये असतं. लग्नाच्या पत्रिकेतल्या चुकासुद्धा त्या काढतात. हे मला ठाऊक होतं, तरी मी कागद घरात ठेवला. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

पुढच्या रविवारी काकांनी फॉर्मांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः खुर्च्या मोजायला गेले. खुर्च्या चाळीसच आहेत, गेली कित्येक वर्षं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दोन फॉर्म झाले, तिसरा उलटला तर अक्षर माझं. माझा पेन्सिलचा फॉर्म. वरचं माझं नाव लाल रेघेने खोडून अर्जदार म्हणून सासूबाईंनी स्वतःचं नाव घातलं होतं आणि खाली वहीच तपासली होती.

फ्रिज आहे, असं मी लिहिलं होतं. पुढे लाल शाईत, "आत पाणी आहे." चारचाकी आहे. "जागची हलत नाही." एसी दोन. "उन्हाळाभर लावले नाहीत. नातीच्या अंगावर घामोळं होतं." समितीशी नातं. "आहे. जिने हा फॉर्म केला ती माझी सून. यात माझा दोष नाही."

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग अकरावा प्रश्न. मी कोरा सोडलेला. तिथे त्यांनी लिहिलं होतं, "सून जेवत नाही. तिला पित्त नाही, सोळा वर्षं बघते आहे. उपवास करून तिच्यासाठी भात मागे ठेवला तर तोही ती मुलीला घालते. माझे वार संपले. तिला तोंडी सांगून कळत नाही, फॉर्मवर लिहिलं तर कळेल."

दोन ओळींत म्हटलं होतं, त्यांनी सहा घेतल्या. माझ्या नामंजूरवर लाल फुली होती.

मला रडू फुटलं. मखराच्या मागे जाऊन मी चांगली हमसून रडले. इतके महिने मला वाटत होतं की मी घर सांभाळते आहे आणि म्हातारीने हट्टाने उपवास मांडलेत. तिच्या प्रत्येक सोमवारचा भात मी लेकीच्या ताटात ढकलत होते आणि स्वतःला शहाणी समजत होते. लाज वाटली. मागायची नव्हे, ती कुठल्या कुठे गेली होती. फॉर्मची वाटली.

काका सतरंज्यांच्या आडून म्हणाले, "नियमात बसत नाही हो ताई. बहुतेक प्रश्नांत नापास. पण त्या परवा काठी टेकत आमच्याकडे आल्या, म्हणाल्या, रविवारी तिच्यापुढे ठेवा. काय करू, परत पाठवू?"

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मला तुमच्या वतीने फॉर्म नव्हता भरता येत," ते म्हणाले. "नाहीतर दिवाळीच्या आधीच भरला असता."

मी मंजूर लिहिलं. मग जुनी फाइल काढून फरीदाबादच्या त्या बाईचा नंबर शोधला आणि तिथूनच फोन लावला. म्हटलं, माझी चूक झाली, तुमचं धान्य तुम्हाला द्यायला हवं होतं, पोचवू का. ती म्हणाली, "येते पुढच्या रविवारी. पण पेन आणणार नाही." मी म्हटलं, नका आणू. तिने लगेच फोन ठेवला, आणि तो तिचा हक्क होता.

पिशवी घरी नेणं हा पुढचा डोंगर. मी ती लॅपटॉपच्या बॅगेत घालून पाहिली, तेल मावेना. शेवटी तशीच उचलली. लिफ्टमध्ये नेमकी आमच्या मजल्यावरची शेजारीण भेटली. आठ महिने मी याच क्षणाला घाबरत होते.

"शॉपिंग?" तिने विचारलं.

"नहीं जी. मंडल से राशन मिला है. इनकी नौकरी नहीं है ना, मार्च से."

"अच्छा," ती म्हणाली. पिशवीत डोकावली. "दाल अच्छी लग रही है. जल्दी गल जाती है क्या?"

दुसरा मजला यायच्या आत सगळं संपलं होतं.

घरी आले तर सासूबाई वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेल्या. पिशवीकडे बघितलंही नाही. "लागला का निकाल?"

"लागला," मी म्हटलं. "पास केलं तुम्हाला."

"ग्रेस मार्क देऊन असेल." त्या उठल्या आणि कुकर काढला.

त्या दुपारी वरण घट्ट झालं. इतकं घट्ट की नवऱ्याने पातेल्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला कोणी कुठे काही खायला देत नव्हतं." "माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या, "खोटं बोलताना तुझा कान हलतो, लहानपणापासून." आणि त्याला वाढलं. तो तीनदा भात घेऊन जेवला.

माझ्या ताटात त्यांनी भाताची मूद घातली, वर वरण, आणि हातात डाव धरून उभ्याच राहिल्या. मी खाल्लं. संपवलं. आणखी मागितला. तेव्हा कुठे त्या खाली बसल्या आणि स्वतःचं ताट ओढलं.

लेकीचं लक्ष भिंतीकडे गेलं. "आजी, कॅलेंडरवर आज संकष्टी लिहिलंय. ही तर तुझी असलीवाली आहे ना?"

चाळीस वर्षांत न मोडलेली. माझा हात थांबला. त्यांचा नाही थांबला. त्यांनी वरणभात कालवला, लिंबू पिळलं.

"त्याच्याकडे माझे कितीतरी उपवास जास्तीचे जमा आहेत," त्या म्हणाल्या. "एक वळता करून घेईल. तू जेव."