सप्लाय केवढ्याचा आहे?

माझी आई धवलारीण. कळव्याच्या आमच्या कोळी-आगरी घरांत लग्न ठरलं की धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला तिला बोलावणं येतंच. सगळं तिच्या तोंडपाठ, लिहिलेलं काही नाही. म्हणून मी तिचं गाणं मोबाइलवर शूट करायला घेतलं. शूटिंग छान व्हायचं, पण एडिटिंगला बसलं की घरातला डेस्कटॉप अडायचा. ऑफिसने मोडीत काढलेला तो पीसी मीच घरी आणलेला. व्हिडिओ लावला की चित्र थांबायचं आणि आवाज पुढे जायचा. स्क्रीनवर आई तोंड उघडून बसलेली आणि गाणं पुढच्या कडव्यात.

ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, ग्राफिक्स कार्ड टाक. म्हणून एका शनिवारी मी डोंबिवलीला, मानपाड्याच्या बाजूला एका दुकानात गेलेली. दुकानदाराने कार्ड दाखवायच्या आधीच विचारलं, "सप्लाय केवढ्याचा आहे?"

मला वाटलं, घरच्या मीटरबद्दल विचारतोय. मग त्याने समजावलं. पीसीत मागे, जिथे वायर घुसवतो, तिथे एक लोखंडी पेटी असते, तोच सप्लाय. भिंतीतली वीज कमी व्होल्टची करून ती प्रत्येक भागाला पोचवते. तिची ताकद ठरलेली असते. कार्डाने जास्त ओढलं, तर मशीन काम करता करता बंद पडणार. पेटीवरच्या लेबलचा फोटो आणा, मग बघू, असं म्हणून त्याने मला तशीच परत पाठवलं.

घरी आल्यावर वायर काढली, उरलेली वीज निघून जावी म्हणून चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं आणि कॅबिनेट उघडलं. आई टॉर्च धरून शेजारी बसली. मला वाटलेलं ती कंटाळेल, पण ती माझ्यापेक्षा जास्त आत वाकलेली. लेबल नेमकं पत्र्याच्या बाजूला होतं. स्क्रू काढून अख्खी पेटी बाहेर घ्यावी लागली. ती मात्र उघडायची नाही, आत वीज साठून राहते, हे दुकानदाराने बजावलेलं.

"पिवली वायर कशाची, काली कशाची?" आईने विचारलं.

लेबलवरच रंग लिहिलेले होते. पिवळी बारा व्होल्टची, काळी परतीची. नेटवर दाखवलेली लाल, पाच व्होल्टवाली मात्र आम्हाला कुठेच सापडेना. मदरबोर्डात जाणारा प्लगही मी नेटवर पाहिलेल्या लांब, दोन ओळींच्या प्लगसारखा नव्हता. छोटाच होता. आईने पेटीवर वीत लावून बघितली. मी सगळ्याचे फोटो काढले, आधीच्या जोडणीचेसुद्धा, नाहीतर परत कोण लावणार?

दुकानदार फोटो बघून हसला. ऑफिसात वापरायच्या काही ब्रँडेड पीसींचं असंच असतं, म्हणाला. सप्लाय दोनशेचाळीस वॉटचा, आणि बाजारातला मोठा सप्लाय इथे बसणार नाही, कारण प्लग वेगळा, पेटीचं मापही वेगळं. मी मनात धरलेल्या कार्डाला सप्लायमधून वेगळी वायर लागत होती. ती आमच्या पेटीला नव्हतीच.

"मग काहीच होणार नाही का?" मी विचारलं.

"होईल. बोर्डावर कार्ड ज्या खाचेत बसतं, तिच्यातून मिळते तेवढ्याच विजेवर चालणारी कार्डं असतात. त्यातलं घ्या."

त्या खाचेतून जास्तीत जास्त पंच्याहत्तर वॉट मिळतात. प्रोसेसर, डिस्क, पंखे आणि कार्ड, सगळ्याची बेरीज आम्ही काउंटरवरच केली. दोनशेचाळीसच्या बरीच आत आली. मग त्याने लेबलवरचा बारा व्होल्टचा आकडा वेगळा तपासला. खरा भार त्याच लायनीवर पडतो, नुसते एकूण वॉट बघून चालत नाही, म्हणाला. तोही पुरत होता.

कार्ड बसवून मशीन सुरू केलं, तेव्हा मी बराच वेळ पंख्याचा आवाजच ऐकत राहिले. मग आईचा व्हिडिओ लावला. ओठ आणि सूर बरोबर चाललेले. आईने शेवटपर्यंत डोळे बारीक करून बघितलं. मला वाटलं, खूश झाली.

"मधली येक ओल ऱ्हायली गो," ती म्हणाली. इतके दिवस चित्र अडकलं की आम्ही व्हिडिओ तिथेच बंद करायचो, म्हणून गाताना सुटलेली ती ओळ तिच्या ध्यानात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळ करून, नीट लुगडं नेसून माझ्या मोबाइलसमोर येऊन बसली.