ओढ्यावरच्या गाड्यांची मोजणी

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, कल्याणच्या पलीकडे मलंगगडाच्या अंगाला असलेल्या एका गावात दिली होती. घर चांगलं, मेहुणे मोकळ्या मनाचे, भाताला तोटा नाही. खोट एकच. गावाच्या अलीकडे एक ओढा आडवा येई, आणि आगोट लागून पाऊस सुरू झाल्यावर तो एकदा भरला की भाद्रपद सरेपर्यंत बाईमाणसाला उतरू देत नसे. पाणी फार असायचं असं नाही, पण तळाला चिकट गाळ. पाय घातला की मांडीपर्यंत आत. गडीमाणसं कमरेला भोपळे बांधून कशीबशी अलीकडे येत. अक्का कशी येणार? श्रावणात ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळच्या आमच्या आळीत सगळ्यांच्या लेकी माहेरी येत, झिम्मा-फुगड्यांनी ओट्या दणाणत, आणि आमची आई नागपंचमीच्या, हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्यांचं एक ताट अक्काच्या नावाने झाकून ठेवी. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने गाईपुढे जाई.

आणि मी कोण, तर रस्त्यांच्या कामावरचा ओव्हरसियर! "तुमचा मुलगा रस्ते करतो ना हो?" असं शेजारणी आईला विचारत. त्यात कुत्सितपणा नसे, पण मला तोंड लपवावंसं वाटे.

त्यांना काय सांगणार? आमच्या कचेरीत रस्त्याचा नमुना एकच होता. दोन भरलेल्या गाड्या एकमेकींना घासल्याशिवाय जातील एवढा रुंद, शेतापेक्षा चांगला उंच भराव, वर खडी, आणि ओढा आला की कमानीचा पूल. मुंबई-आग्र्याच्या सडकेला शोभेल असा हा थाट मूठभर घरांच्या गावालाही लागू. त्यामुळे सालात एखादा रस्ता होई, तोही निम्मा. बाकीची गावं होती तिथेच. बरं, जो होई त्याचीही तऱ्हा. भरावाने खाचरांचं पाणी अडून भात कुजायला लागला की लोक कुदळी घेऊन येत आणि रस्ता फोडून टाकत. मग साहेब लोकांना अडाणी म्हणे, लोक साहेबाला वेडा म्हणत, आणि दोघांच्या शिव्या मी खाई.

साधी गोष्ट होती. आमच्याकडे पावसाळ्यात गाडी चालतच नाही. बैल चिखलणीला जुंपलेले, गाड्यांची चाकं काढून माळ्यावर टाकलेली. पीक निघालं की गाड्या रिकाम्या शेतांतून हव्या तशा जातात, त्यांना रस्ता लागत नाही. पावसाळ्यात वाट हवी ती पायी चालणाऱ्याला. तेव्हा लहान गावाला अरुंद, शेताच्या बरोबरीची मुरमाची वाट द्या, आणि ओढ्यात पुलाऐवजी फरशी घाला. फरशी म्हणजे तळातला गाळ उपसून घट्ट बसवलेले दगड. पाणी त्यावरून खुशाल वाहू दे, माणूस घोटाभर पाण्यातून पलीकडे जातो. पूर आला तर दोन घटका काठावर थांबावं. त्याने कोणाचं काय जातं?

हे मी तीन साहेबांना सांगून पाहिलं. पहिल्याने ऐकलं नाही, दुसऱ्याला कळलं नाही. तिसरा तरुण होता. तो म्हणाला, लहान गावांसाठी वेगळा नमुना आखून आण. मी जीव ओतून आखला. त्याने तो मंजूर केला आणि वर एक अट घातली. वाटेवरच्या गाड्या आधी मोजायच्या. थोड्या असतील तर हा नवा नमुना, जास्त असतील तर जुनाच, पुलासकट. अट मलाही रास्त वाटली. पहिल्या यादीत अक्काचं गाव होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं, "पुढच्या श्रावणात अक्का माहेरी येणार." आईने त्या वर्षी अंगणात हळदीचे दोन गड्डे जास्त लावले.

बहिणीचं गाव म्हणून मोजणीला मला जाऊ दिलं नाही. कधी होणार तेही सांगितलं नाही. वैशाखात एक कारकून जाऊन ओढ्याकाठच्या आंब्याखाली बसला आणि परत येऊन त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मी चाटच पडलो. तेवढ्या गाड्या कल्याणच्या बाजारातही येत नसतील. साहेब खूश. म्हणाला, "एवढी रहदारी! तुझी फरशी इथे कशी चालेल? इथे पूलच हवा." पुलाला पैसे कुठे होते? प्रकरण फडताळात गेलं.

मी तडक कल्याणची गाडी पकडली आणि उन्हातान्हात चालत गाव गाठलं. मेहुणे ओटीवरच होते. मला पाहून हसत म्हणाले, "या, ओव्हरसियरसाहेब! कशी काय वाटली आमची रहदारी?" मोजणीची कुणकुण कारकुनाच्या शिपायाकडून त्यांना आदल्याच दिवशी लागली होती. लग्नाचं वऱ्हाड न्यायला गावोगावच्या गाड्या मागवतात, आणि तिथे कोणी नाही म्हणत नाही, तसं, रहदारी दिसली तर रस्ता लवकर होईल या हिशेबाने, त्यांनी आसपासच्या सगळ्या गावांना निरोप धाडले. गाड्या आल्या, आणि टेकाडाला वळसा घालून पुन्हा पुन्हा ओढ्यातून गेल्या. तिथे बसलेला एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "माजे बैल बी इचारतान, आज लगीन कोनाचा हाय?" सगळे खदखदून हसले. एका शिंगाचा तोच बैल चारदा समोरून गेला तरी कारकुनाने चारदा लिहिला. त्याला लिहायला सांगितलं होतं, बघायला नव्हे!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तोंड उघडणार तोच अक्का आतून आली. सगळ्या गाडीवानांना भाकऱ्या तिनेच भाजून घातल्या होत्या. बोटांवर फोड आले होते, ते दाखवत ती म्हणाली, "बघ रे, तुझ्या रस्त्यापायी माझे हात कसे झालेत." तिचा चेहरा असा उजळला होता की मी पाणी प्यायलो आणि गप्प बसलो.

ठाण्याला येऊन साहेबाला म्हटलं, मोजणी पुन्हा करा, त्याच त्या गाड्या फिरल्या असाव्यात. तो थंडपणे म्हणाला, "म्हणजे गावाने सरकारला फसवलं? तसं असेल तर लिहून दे. गावावर खटला भरतो, आणि गाव यादीतून कायमचं काढतो." मी काय लिहून देणार, कपाळ? आकडा बरोबर आहे म्हणालो आणि बाहेर आलो. आयुष्यात इतका संताप मला कधी आला नाही, आणि तो काढायचा कोणावर हेही कळेना.

त्या श्रावणात आई अंथरुणाला खिळली. "पाणी उतरलं का रे?" एवढंच विचारायची. मी ओढ्यापर्यंत गेलो. समोरच्या काठावर अक्का पदर खोचून उभी, मेहुणे तिचा दंड धरून. पाणी फार नव्हतं, पण तळाला तोच गाळ. बरोब्बर जिथे मी फरशी आखली होती, तिथेच उभं राहून मी ओरडलो, "उतरू नकोस! मागे हो!" गौरी बसायच्या आत आई गेली. अक्काला निरोप पोचला तोही भोपळा बांधलेल्या गड्याच्या हातून.

दसऱ्याला वाट मोकळी झाली तेव्हा अक्का आली. आईच्या रिकाम्या बाजेशेजारी बसली, अंगणातल्या हळदीची न तोडलेली पानं बघत. मग तिने मला विचारलं, "आम्ही इतक्या गाड्या दाखवल्या, तरी तुझ्या साहेबाला कमीच वाटल्या का रे?"

"हो," मी म्हटलं. "कमीच पडल्या."

"मग आधी सांगायचं नाहीस? आणखी मागवल्या असत्या."