घड्याळाची पाळी

बाजाराच्या टोकाला पिशव्या दुरुस्त करणारी बाई तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध. तुटलेला बंद घेऊन कुणी आलं, की आत काय काय कोंबलं होतं याचा आधी जबाब द्यावा लागे, मग ती आरी हातात घेई. त्या दिवशी मात्र ती गप्प होती. एका बॅगेला तिने चेनही उलटी शिवली. दुपार व्हायला आली तरी तिचा भाऊ आला नव्हता.

वडील जाताना म्हणाले होते, सगळं दोघांत वाटून घ्या. भांडी वाटली, कपाटं वाटली. त्यांचं मनगटावरचं घड्याळ कसं वाटणार? ही हट्टाला पेटली, तो तिच्याहून हट्टी. शेवटी आत्याने निकाल दिला: एक वर्ष त्याच्याकडे, एक वर्ष हिच्याकडे, आणि अदलाबदल वडिलांच्या वाढदिवशी. दुकान सोडून ही हलणार नाही, म्हणून दर वर्षी भाऊच येई, कधी द्यायला, कधी न्यायला. घ्यायची पाळी असली की दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर! मग 'काचेवर ओरखडा तूच पाडलास' इथपासून भांडण, चहा, पुन्हा भांडण. एरवी फोनसुद्धा कामापुरताच.

या वर्षी घ्यायची पाळी त्याची होती, आणि तो नव्हता. वहिनी मध्ये म्हणाली होती, त्याला दवाखान्यात ठेवलं होतं, तसं किरकोळच. किरकोळ म्हणजे किती, हे विचारायचा हिला धीर झाला नव्हता.

तो आला तेव्हा दाराला धरून पायरी चढला. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"दादा, हे काय रे? काटकसर म्हणून जेवण सोडलंस की काय?"

तो स्टुलावर टेकला. दम लागला होता. "घड्याळ आता तुझ्याकडेच राहू दे. मी घरातल्या घरात असतो. मला कशाला हवं?"

हेच ऐकायला ती इतकी वर्षं भांडली होती. पण आता घड्याळ हिचं झालं तर हा पुढच्या वर्षी कशाला येईल? की येणं होणार नाही, हे मनाशी धरूनच आलाय?

"वा रे वा! ठरलं म्हणजे ठरलं. हात पुढे कर."

तिने घड्याळ बांधलं. पट्टा शेवटच्या भोकावर घट्ट करूनही ते कोपराकडे घसरलं. भावाने ओशाळून बाही खाली ओढली. तिने घड्याळ काढलं, पट्ट्यावर पेन्सिलीने खूण केली आणि नवं भोक पाडलं. भोक थोडं तिरकं गेलं.

पुन्हा बांधल्यावर तिने मनगट सोडलंच नाही. "पुढच्या वर्षी माझी पाळी. आणून द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवलंस तर घेणार नाही मी."

"बघू."

"बघू नाही, दादा. हो म्हण."

लहान मुलीची समजूत काढावी तशा आवाजात तो म्हणाला, "हो."